वारा उजव्या गालाला

१९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी साडेदहा. जमा वर्गणी आठशे चाळीस रुपये, घरटी वीसप्रमाणे बेचाळीस घरांची. हजर एकेचाळीस, त्यात बायका सव्वीस. कंपनीतर्फे सुरक्षा अधिकारी पाठकसाहेब. जागा, नामदेवबापूंचं अंगण. चहा दोनदा.

काही वर्षांपूर्वीची ही नोंद माझ्याच अक्षरातली आहे. वही परवा काढली, कारण गच्चीवरचं वारा दाखवणारं कापड बदलायची वेळ झाली. दिवाळी उलटली की एक सकाळ अशी येते, की दोरीवरचा पंचा कालपर्यंत ज्या बाजूला फुगत होता त्याच्या उलट बाजूला फुगतो. पावसाळाभर पश्चिमेकडून येणारा ओलसर वारा त्या दिवशी संपलेला असतो. आता येतो तो उगवतीकडून, कोरडा आणि गार. ओठ फुटायला लागतात. तुरी पिवळ्या फुलतात, ज्वारी गुडघ्याच्या वर जाते. दौलताबादकडची सीताफळं हातगाडीवर शेवटची म्हणून स्वस्त होतात आणि घरात जिथं तिथं काळ्या गुळगुळीत बिया सापडतात. अंथरुणात, चपलेत, एकदा तर माझ्या शाळेच्या पावतीपुस्तकात सापडली.

आणि याच दिवसांत कंपनीचा मटार सुरू होतो.

आमची वस्ती जालना रोडवर, करमाडच्या थोडं पुढं, आत वळून. चार गल्ल्या, बेचाळीस घरं. पूर्वेला लागूनच कंपनी. मधे एक नाला आणि बाभळीची रांग, एवढंच अंतर. कंपनीत मटार, मका, गाजराचे तुकडे गोठवून पिशव्यांत भरतात. गोठवायला थंडी लागते आणि ती थंडी अमोनियानं तयार होते. माझे यजमान तिथंच कॉम्प्रेसरवर आहेत, एकोणीस वर्षं. लग्नानंतर मी या घरी आले तेव्हा त्यांच्या शर्टाला जो वास यायचा त्याचं नाव मला माहीत नव्हतं. पहाटे बंद गोठ्यात शिरल्यावर नाकाला झटका बसतो, तसा तो वास. मी शर्ट दोनदा धुवायचे. पुढं सवय झाली. वासाची होते, भीतीचीही होते.

मी एका खासगी शाळेत लेखनिक आहे. फी, पगार, हजेरी. आकडा जुळला नाही तर मला जेवण जात नाही, ही घरातली जुनी थट्टा आहे आणि ती खोटी नाही. म्हणून त्या वर्षी वस्तीची समिती झाली तेव्हा वही आपोआप माझ्याकडं आली. समिती करा असं पाठकसाहेबच म्हणाले होते. आपत्ती आली तर वस्तीनं काय करायचं हे वस्तीला माहीत पाहिजे, असा नियम आहे म्हणे. त्यांच्या आधीच्या साहेबांनी तो नियम फायलीत ठेवला होता. पाठकसाहेब तो घेऊन आमच्या अंगणात आले, पायांत धुळीनं माखलेले बूट, बगलेत नकाशाची गुंडाळी. मला तो माणूस त्याच दिवशी आवडला. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसलं तर ते "माहीत नाही" म्हणायचे आणि वहीत लिहून घ्यायचे.

नकाशा बापूंच्या बाजेवर पसरला. कंपनी लाल, वस्ती पिवळी, शाळा हिरवी. गळती झाली आणि धोक्याचा भोंगा वाजला तर सगळ्यांनी शाळेच्या मैदानावर जमायचं, असा बेत होता. शाळा वस्तीच्या पश्चिमेला. साहेबांनी निळ्या पेन्सिलीनं वाऱ्याचा बाण काढला होता, पश्चिमेकडून पूर्वेकडं. म्हणजे वास वस्तीकडून लांबच जाणार.

बापू त्या वेळी सत्तरीचे असतील. जमीन थोडी कंपनीत गेली, थोडी उरली. त्यांनी बाणावर बोट ठेवून विचारलं, "साहेब, हा वारा कुठला?"

साहेब म्हणाले, वर्षाची सरासरी आहे, विमानतळावरच्या नोंदीतून घेतली.

"सरासरीत उपणता येत नाय, साहेब." बापू उठले, आत गेले, सुपात मूठभर भुसा घेऊन आले आणि अंगणात उभं राहून हात वर करून सोडला. भुसा साहेबांच्या बुटांवरून, नकाशावरून तरंगत पश्चिमेला, शाळेच्या बाजूला गेला. "दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढंपर्यंत सकाळचा वारा उगवतीकडूनच असतो. खळ्यावर जलम गेला माझा. तुमच्या मटाराच्या टायमाला वास ह्या घरांवर येणार, अन् शाळा त्याच्या बी पुढं हाय. तुम्ही लोकांना वासाच्या संगं पळवायला लागलात."

साहेबांनी रबर काढला आणि बाण खोडला. खोडताना भुशाचे कण कागदात घासले गेले. तो नकाशा अजून आहे, त्यावर पिवळट ओरखडे आहेत.

मग कुठं जायचं, हा प्रश्न. ते उत्तरही बापूंनीच दिलं. वाऱ्याकडं तोंड करून पळायचं नाही, कारण तिकडूनच वास येतो. पाठ करूनही पळायचं नाही, कारण वास मागं येतो. आडवं जायचं. "वारा गालाला लागला पायजे. हिवाळ्यात उजव्या गालाला घ्या, अन् माझ्या वावरात या." बापूंचं वावर वस्तीच्या उत्तरेला, कडुलिंबाखाली उघडी जागा. साहेब म्हणाले, अगदी बरोबर, पुस्तकातही हेच आहे. बापू म्हणाले, पुस्तकवाल्यानं कुठल्यातरी खळ्यावर बघितलं असंल.

आठशे चाळीस रुपये त्यासाठीच जमवले होते. चार गल्ल्यांत चार उंच घरांच्या गच्चीवर बांबू, बांबूला केशरी कापडाची लांब पिशवी, दोन्ही तोंडं उघडी. वारा कुठून कुठं, ते खालूनही दिसावं. पिशव्या शकीलाभाभींनी शिवल्या.

शकीलाभाभी माझ्या शेजारी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची पिठाची चक्की आहे. त्यांचे यजमान हमीदभाई कंपनीतच, पण कंत्राटदाराकडं. अमोनियाच्या नळ्यांवर थंडी टिकायला जे जाड आवरण असतं, ते फाडायचं आणि नवं गुंडाळायचं, हे त्यांचं काम. ह्यांच्या आणि त्यांच्या कामात एका भिंतीचं अंतर. पण हे कायम, आणि ते रोजावर. ईदच्या शिरखुर्म्याला आणि संक्रांतीच्या तिळगुळाला हा फरक नसतो. बाकी कुठं असतो, हे मला त्या हिवाळ्यातच कळलं.

सराव डिसेंबरच्या एका गुरुवारी ठरला. मी सूचना स्वतः लिहिली, आठ प्रती, ठळक अक्षरात. नेहमीचा पाळीचा भोंगा एकसारखा असतो, धोक्याचा वरखाली होईल. नाकाला ओलं फडकं लावा, अमोनिया पाण्यात विरघळतो. कापड बघा. वारा उजव्या गालाला घेऊन बापूंच्या वावरात जा. आणि शेवटी, खाली रेघ मारून, 'भोंगा झाल्यावर कोणीही कंपनीच्या गेटाकडे येऊ नये.' एक प्रत गेटाच्या खांबालाही लावली.

गुरुवारी साडेनऊला भोंगा झाला, वर चढला, खाली आला. मी कणीक मळत होते. हा सराव आहे, मला माहीत होतं. वेळ मला माहीत होती, ती मीच ठरवून घेतली होती. तरी भोंग्याचा दुसरा चढ ऐकू आला आणि पुढचं मला आठवतं ते एकदम गेटाजवळचं. हाताला कणीक, पायात एक चप्पल ह्यांची आणि एक माझी. आजूबाजूला बघते तर सगळी वस्ती तिथंच. कुणाच्या हातात लाटणं, कुणाच्या कडेवर पोर. वावरात कोण, तर एकटे बापू. तिकडं कडुलिंबाखाली हात कमरेवर ठेवून उभे होते, ते गेटावरूनही दिसत होते.

गेटाच्या आत हिरवळीवर कामगार रांगेत जमले होते. हे पहिल्या रांगेत. त्यांनी मला पाहिलं, जवळ आले, खांबाकडं बोट केलं. तिथं माझी सूचना होती. मग हळूच विचारलं, "अक्षर कुणाचं आहे हे?"

आजही घरात मी फार शिस्त शिकवायला लागले की हे एवढंच विचारतात.

त्या दिवसाचं मी पुष्कळदा मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. आम्ही अडाणी नव्हतो, ऐकलेलंही होतं. पण वर्षानुवर्षं त्या गेटातून सकाळी माणूस आत जातो आणि संध्याकाळी तिथूनच बाहेर येतो. माणसाची खबर जिथून येते, तिथंच पाय जातात. सूचनेत आम्हाला कुठं जायचं ते लिहिलं होतं. आत असलेल्याचं आम्हाला कधी आणि कुठं कळेल, ते लिहिलं नव्हतं. लिहिणारीला सुचलं नव्हतं.

तेवढ्यात साहेबांनी हजेरी वाचली. एकशे बारापैकी एकशे बारा हजर, सर्व सुखरूप, सराव संपला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शकीलाभाभी गजाला धरून उभ्या होत्या, त्यांनी नाही वाजवल्या.

"सब पढे ना साहब? तो हमीद किधर है उसमें?"

साहेबांनी यादी पाहिली. पुन्हा पाहिली. कंत्राटाच्या माणसांची यादी कंत्राटदाराकडं असते, असं म्हणाले आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. मग फोन, धावपळ. हमीदभाई थंडघराच्या मागं, नळ्यांच्या मांडवावर वीस फूट उंचीवर होते. कॉम्प्रेसरच्या आवाजात त्यांना भोंगा ऐकू गेला नव्हता आणि त्यांना खाली बोलवायचं कुणाच्या यादीत नव्हतं. पंचवीस मिनिटांनी ते आले, केसांत आवरणाचा पांढरा कापूस. एवढी माणसं बघून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

भाभींनी गेटावर त्यांना काही म्हटलं नाही. साहेबांना म्हटलं, आणि आवाज चढवून नाही. "साहेब, माझ्या चक्कीवर डबा आला तर मी आधी विचारते, कुणाचा. नंबर लावल्याशिवाय आत ठेवत नाय. तुम्ही माणूस आत घेता अन् इचारत नाय?"

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहिलं, मी पाहिलं.

त्या रात्री आकडा न जुळल्यामुळं मला जेवण गेलं नाही. एकशे बारा हा आकडा चुकीचा आहे एवढं कळलं होतं, पण बरोबर कोणता? माझी शाळा अकराची. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला भाभींना घेऊन गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. मी कागदावर पाच-पाचाच्या रेघा मारत होते. भाभींच्या पदरात सीताफळाच्या बिया होत्या. एक माणूस आत गेला की एक बी डाव्या बाजूला. थंडी चांगली होती. आत जाणाऱ्या बायका आम्हाला विचारत होत्या, काय हळदीकुंकू आहे का इथं. एकजण म्हणाला, "भाभी, दळण गेटावर आणलं व्हय?" आठ वाजून दहा मिनिटांनी गेट बंद झालं. माझ्या रेघा एकशे एकेचाळीस, भाभींच्या बिया एकशे बेचाळीस. आम्ही तिथंच भांडलो. भाभींचं म्हणणं, लिहिणारी माणसं मान खाली घालतात तेव्हा एखादा सुटतो. शेवटी उलगडा झाला. रात्रपाळीचा पहारेकरी बाहेर येऊन विडी ओढून पुन्हा आत गेला होता, त्याचीही एक बी पडली होती.

एकशे एकेचाळीस वजा एकशे बारा, एकोणतीस. एकोणतीस माणसं रोज त्या गेटातून आत जात होती आणि कागदावर बाहेरच होती. हा आकडा मी अजूनही सावकाश लिहिते.

साहेबांना कागद दिला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, कंत्राटदाराची यादी माझ्या हातात नाही." मी म्हटलं, यादी नको, माणसं मोजा. कशी, हे भाभींनी दाखवलं. चक्कीवर त्यांच्याकडं पत्र्याचे गोल बिल्ले असतात, प्रत्येक नंबराचे दोन. एक डब्याच्या कडीला अडकवायचा, एक गिऱ्हाइकाच्या हातात. पीठ झालं की जोडी जुळवून डबा द्यायचा. डबा कुणाचा, पितळी की डालड्याचा, जुनं गिऱ्हाईक की नवं, बिल्ल्याला फरक नाही. तसंच गेटावर करा, भाभी म्हणाल्या. आत जाणाऱ्या प्रत्येकाला जोडी. एक खिशात, एक गेटावरच्या फळीला. बाहेर पडताना फळीवरचा उतरवून परत द्यायचा. फळीवर राहील तो आत.

"अन् भोंगा झाला तर ती फळी बापूच्या वावरात आणायची," भाभींनी पुढं सांगितलं. "मेरेकू फळी जिधर दिखेगी मैं उधर आऊंगी. गेटपे बोर्ड लगाके मत बोलो, मत आओ."

हे एवढं साधं होतं की साहेबांना वरच्यांना पटवायला चार आठवडे लागले. हजेरीचं यंत्र आहे, अंगठ्याचं, असं वरून उत्तर आलं. साहेबांनी कळवलं की यंत्र कायम लोकांचं आहे, आणि ते भिंतीवरून उचलून शेतात नेता येत नाही. संक्रांतीच्या आधी मंजुरी आली. शहागंजातल्या पत्र्याच्या कारागिरानं एकशे साठ जोड्या कापल्या, ठोकून नंबर घातले, कडा घासून दिल्या. ते पैसे कंपनीनं दिले. फळीला हुक लागले. फळी मोटारसायकलवरून नेताना बिल्ले पडू नयेत म्हणून वरून घालायला भाभींनी मैद्याच्या रिकाम्या गोणीची खोळ शिवली. ह्यांना चार नंबर मिळाला. हमीदभाईंना सत्तावीस. पहिल्या दिवशी ते बिल्ला घरी दाखवायला आणू बघत होते, पहारेकऱ्यानं दिला नाही. एवढ्या वर्षांत कंपनीनं त्यांच्या नावानं दिलेली ती पहिली वस्तू होती.

जानेवारी असा गेला. हुरड्याचे दिवस आले, बापूंच्या वावरात आगटी पेटली. साहेबही एकदा आले आणि बोटं भाजून घेतली. पुन्हा एक सराव झाला, दुपारचा, त्यात गेटावर सातच बायका गेल्या, मी त्यात नव्हते. शाळेतून मुद्दाम येऊन मी वावरात उभी राहिले. चूक माझी होती, तर दुरुस्तीही मोजून व्हावी.

मग शेवटच्या आठवड्यातला मंगळवार. साडेनऊला दहा कमी. त्या दिवशी सराव नव्हता.

भोंगा वर गेला, खाली आला. मी अंगणात होते. आधी कापड पाहिलं, केशरी पिशवी कंपनीकडं तोंड करून ताठ फुगली होती, म्हणजे वारा आमच्याच घरांवर. मग वास आला. गोठ्याचाच, पण डोळ्यांत तिखट उतरल्यासारखा. पदर बादलीत बुचकळला. शेजारी चक्कीचा पट्टा बंद झाल्याचा आवाज आला, तो आवाज नेहमी खाली खाली उतरत जातो तसा उतरला, आणि भाभी दारात आल्या. ओढणीतून पाणी निथळत होतं. आमची नजरानजर झाली. उगवतीला नाला आणि त्यापलीकडं गेट, दीडशे पावलं. दोघींचीही माणसं आत. मला कबूल करायला लाज नाही, माझा पाय तिकडंच वळला होता. भाभींचाही वळला असणार, कारण त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते मला ओढायला की स्वतःला थांबवायला, मला अजून सांगता येणार नाही.

"फळी उधर आयेगी," त्या म्हणाल्या.

आम्ही उत्तरेला चालायला लागलो. पुढं मागं सगळी वस्ती, ओले पदर, पोरांच्या नाकाला फडकी. पळू नका असं ठरलं होतं, कारण पळताना श्वास मोठा लागतो. वारा उजव्या गालाला लागत होता. ओल्या कापडावरून लागणारा तो गार वारा मला आजही, दर वर्षी, पहिल्या दिवशी त्याच ठिकाणी लागतो. शंभरेक पावलांवर वास विरळ झाला, कडुलिंबाशी नव्हताच.

थोड्या वेळात पहारेकरी मोटारसायकलवरून आला, मागं बसलेल्यानं मैद्याच्या खोळीतली फळी पोटाशी धरलेली. फळी झाडाला टेकवली, खोळ काढली. सगळे बिल्ले एकदम किणकिणले. नंतर कामगार यायला लागले, पूर्वेच्या मागच्या दारातून निघून, वळसा घालून. डोळे लाल, खोकत, पण चालत. येणारा प्रत्येकजण खिशातला बिल्ला काढून जोडीचा उतरवत होता, आणि त्याच्या घरचं माणूस मागं सरून श्वास सोडत होतं. फळी रिकामी होत गेली. मी मोजत नव्हते, तेवढी एकच वेळ.

दोन राहिले. चार आणि सत्तावीस.

पाठकसाहेब फळीसमोर उभे होते, कानाला फोन. मला त्यांचं वाक्य शब्दाला शब्द आठवतं. "आत दोनच आहेत. कॉम्प्रेसरचा माणूस आणि आवरणवाला. थंडघराच्या मागचा व्हॉल्व्ह. मुखवटे घेऊन सरळ तिथंच जा, बाकी कुठं शोधू नका."

महिन्याभरापूर्वीच्या यादीनं त्या फोनवर काय सांगितलं असतं, हे माझ्या डोक्यात आलं. एकच आत. मग शोधणारे एक घेऊन बाहेर आले असते आणि काम झालं म्हणाले असते.

भाभी फळीच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या. हात लावला नाही. मीही. गेटाकडं जायचा विचारही आला नाही, कारण जे कळायचं ते इथंच कळणार होतं. बापू आमच्या मागं होते. ते फक्त मधून मधून चिमूटभर माती सोडून वारा बघत होते आणि म्हणत होते, "तसाच हाय. तसाच हाय."

तेवीस मिनिटं. हे मला बापूंच्या घड्याळावरून माहीत आहे. मग बांधावरून चौघं आले, दोघं मुखवटेवाले आणि मधे आमचे दोघं, एकमेकांच्या खांद्यावर हात. गळती नळीच्या जोडावर होती, आवरणाखाली लपलेली. व्हॉल्व्ह कुठला बंद करायचा ते ह्यांना माहीत होतं, जोड नेमका कुठं आहे ते हमीदभाईंना. म्हणून दोघंही थांबले होते. हे बोलू शकत नव्हते, घसा धरला होता. हमीदभाईंनी डोळे मिचकावत भाभींकडं पाहिलं आणि विचारलं, "चक्की बंद करके आयी ना?"

भाभींनी त्यांच्या खिशात स्वतःच हात घालून बिल्ला काढला आणि फळीवरच्या जोडीला लावून पाहिला. सत्तावीस आणि सत्तावीस. दोनदा पाहिला.

दोघांना दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. डोळे, घसा, बाकी ठीक. कंपनीनं पुढं आवरणाखालचे सगळे जोड उघडून तपासले आणि ते करताना वस्तीतली दोन माणसं बघायला बोलावली, त्यात मी होते. पाठकसाहेबांची आता बदली झाली आहे. नवे साहेबही नकाशा घेऊन आले होते. बापू गेल्या वर्षीपासून फारसे उठत नाहीत, पण दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीला बाज अंगणात आणून ठेवायला लावतात आणि सूप मागवतात.

परवा कापडं बदलली. जुनी उन्हानं पांढरी झाली होती. भाभींनी या वेळी दुहेरी शिलाई घातली आहे. वही उघडलीच होती म्हणून त्या वर्षीचा हिशेब पुन्हा तपासला. जमा आठशे चाळीस. बांबू, कापड, दोरी, चहा, सूचनांचे कागद, सगळ्यांच्या पावत्या आहेत. शिल्लक छत्तीस रुपये. त्यातून फेब्रुवारीत शेवटचा खर्च झाला. बिल्ले दोन, क्रमांक चार व सत्तावीस, नवे करून घेतले, प्रत्येकी बारा रुपये, एकूण चोवीस, शहागंजातल्या पत्र्याच्या कारागिराला रोख. कारण, 'जुने हरवले.'

वीस वर्षांत मी लिहिलेली ही एकच खोटी नोंद आहे. सत्तावीस नंबर चक्कीवर, दळण पडतं त्या तोंडाच्या वर खिळ्याला टांगलेला आहे आणि पिठानं पांढरा झाला आहे. चार नंबर माझ्या मिसळणाच्या डब्यात, हळदीच्या वाटीखाली आहे.